मीठ-कोळशाचा खड्डा

गुणाबाईला कुणी म्हटलं की आज सोमवार आहे, तर ती विचारायची, "कशावरून?"

हा विनोद नव्हता. तिला खरंच कळायला हवं असायचं. भाजीवाली म्हणाली वांगी आजची आहेत, कशावरून? पुजारी म्हणाला ग्रहण सुटलं, कशावरून? चांद्याच्या परकोटाच्या आत, तलावाकडे उतरणाऱ्या त्या गल्लीतली पोरंसोरं तिला लांबून पाहिलं की "कशावरून आली, कशावरून आली" म्हणत पळायची आणि ती त्यांच्यामागे जाळ्याची काठी घेऊन धावायची. ती काठी म्हणजे तिचा तिसरा हातच. मासे धरणाऱ्या ढिवराघरची बाई, जाळी वाळत घालायचा तो लांब, सुका बांबू. जाळी कधीच गेली, काठी तेवढी राहिली. त्या काठीने ती कुत्री हाकलायची, छपरावरचे सरकलेले कवेलू सारखे करायची आणि भाडेकऱ्यांच्या खिडक्या बाहेरून ढकलून पाहायची.

संशय काही ती जन्माला येताना घेऊन आली नव्हती. नवरा डोमा पटकीने गेला तेव्हा ती जेमतेम तिशीची होती. तेराव्याला धाकटा दीर लटारू तिच्यासमोर बसून ढसाढसा रडला. म्हणाला, "वहिनी, तलावातला भाऊचा वाटा तुमचाच हाय. मी राखून ठेवतो." तिथून उठला तो थेट ढिवरांच्या पंचांपुढे गेला आणि सांगून आला, वहिनी माहेरी जाऊन राह्यली, तिले वाटा नको. गुणाबाई माहेरी गेली नाही, पण वाटा गेला. त्या दिवसापासून कुणी तिच्यासमोर डोळ्यांत पाणी आणलं की ती आधी आपल्या कनवटीची गाठ चाचपायची. मी तिला नावं ठेवणार नाही. ज्याचं घर एकदा रडून लुटलं गेलं, त्याने दुसऱ्यांदा रुमाल पुढे करावा, अशी अपेक्षा कुणी का करावी?

पुढे वीस वर्षं तिने घुग्घुसच्या खाणीवरच्या बाजारात सुके मासे विकले आणि त्या पैशातून घराला लागून ओळीने चार खोल्या काढल्या. खोल्या भाड्याने दिल्या खऱ्या, पण भाडेकरू म्हणजे तिच्या दृष्टीने दिवसाउजेडी आत घेतलेले चोर. तिचे नियम साऱ्या गल्लीला पाठ होते. पाहुणा मुक्कामाला ठेवायचा नाही. सांदवाडीतल्या, म्हणजे मागच्या अंगणातल्या, झाडाचा पाला तोडायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. खिळा ठोकला की भिंत पोकळ होते, आणि पोकळ भिंतीत माणसं काय काय लपवतात याची तिला पुरेपूर कल्पना होती. रोज सकाळी ती भिंतींवरून हात फिरवून खिळे शोधायची.

कोपऱ्यातल्या खोलीत शालिकराम राहायचा. लाकूड डेपोवर मुन्शी होता, सरळ आणि घाबरट. त्याची बायको कुंता एटापल्लीकडची, धानाच्या मुलखातली. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि दोन लेकरं पोटातच गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते.

या कुंतापुढे मात्र गुणाबाईचा संशय जरासा मऊ पडायचा. कसं झालं ते तिलाही सांगता आलं नसतं. दुसरं लेकरू गेलं तेव्हा कुंता छपरीत, म्हणजे ओसरीत, भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती, नुसती बसली होती. गुणाबाई तिच्याजवळ जाऊन बसली. न रडणाऱ्या माणसाची तिला भीती वाटत नसे. तेव्हापासून कुंता तिला माय म्हणायची आणि गुणाबाई तिच्या चुलीवर काय शिजतं ते संशयाने नाही, काळजीने हुंगायची.

सत्तावन्न सालच्या माघात वीज कंपनीचे खांब त्या गल्लीत आले. शालिकराम एके दिवशी हात चोळत गुणाबाईसमोर उभा राहिला.

"बाई, खोलीत एक बल्ब घेऊ द्या ना. कुंताचे दिवस भरतीन तवा उजेड पाहिजे. मागच्या बारीला कंदिलात सुईणीले काही दिसलंच नाई म्हणते."

दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर तिने काठी उचलली असती. पण सुईणीला दिसलं नाही, हे तिच्या मनाला लागलं. ती कबूल झाली. मग कळलं की वायर लावली म्हणजे लगेच वीज मिळत नाही. भाड्याच्या घरात तर नाहीच. आधी कंपनीचा माणूस येऊन घर तपासतो, त्याने पास केलं तरच दिवा लागतो.

"माह्या घराची झडती घेणारा तो कोण?" गुणाबाई म्हणाली.

"झडती नाई बाई, तपासणी हाय. धोका हाय का नाई, ते पाह्यते."

"धोका हाय त वीज देते कायले? आन् नाई त तपासते कायले?"

शालिकराम डोकं खाजवत डेपोवर निघून गेला. खरं सांगायचं तर हे मलाही सांगता आलं नसतं.

तपासणीला आला तो मनसाराम. उंच, वाळका, खाकी कोटातला माणूस, खांद्याला एक जड पेटी. आला तो रामराम न करता वर कवेलूंकडे पाहू लागला. मग भिंतींवर बोटांनी टकटक केलं. न्हाणीजवळच्या भिंतीला तळहात लावला आणि तो तसाच ठेवून त्याने विचारलं, "या भिंतीपलीकडं कोन झोपते?"

"तुले काय कराचं?" गुणाबाई म्हणाली.

"भीत ओली हाय. म्हनून इचारलं."

"मी झोपतो," कुंता आतून म्हणाली. तिकडच्या बाया मी झोपतो, मी जातो असंच म्हणतात.

मनसारामने दारातून तिच्याकडे पाहिलं. तिच्या पोटाकडेही पाहिलं, असं गुणाबाईने पाहिलं. तिच्या मनात तिथेच पहिली पाल चुकचुकली.

मग त्याने पेटी उघडली. तिला एक हँडल होतं. दोन वायरी भिंतीवरच्या बोर्डाला लावून तो ते हँडल गरागरा फिरवू लागला, डोळे पेटीतल्या काट्यावर. तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. आकडे असतील, पण गुणाबाईला ते आकडे वाटले नाहीत. तिने चहा केला होता, पाहुण्याच्या प्रेमाने नाही, त्याला बोलता करावं म्हणून. त्याने कपाला हात लावला नाही. कारण साधंच होतं. ज्या घरी चहा घ्यावा ते घर चहावर पास केलं असं लोक म्हणतात, म्हणून तो कुणाकडे पाणीसुद्धा पीत नसे. पण गुणाबाईच्या डोक्यात वेगळंच आलं. ज्या घराचं वाईट करायचं, त्या घरचं खायचं नसतं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

"पास नाई होत," पेटी बंद करत तो म्हणाला. "मेन स्विचचा डबा लोखंडाचा हाय, बाहेरचा पाइप लोखंडाचा हाय, आन् वायरमननं अर्थिंगच नाई केलं. मी उद्या करून देतो. मीठ आन् लाकडाचा कोळसा घरून लागंल."

"मीठ? कायले?"

"खड्ड्यात टाकाले."

दुसऱ्या दिवशी तो पावडं आणि सबल, म्हणजे पहार, घेऊन आला. त्याने खड्डा खणला तोही नेमका कुंताच्या खोलीच्या भिंतीशी. त्याचं म्हणणं, न्हाणीचं पाणी मुरतं, माती ओली राहते, जागा चांगली आहे. गुणाबाई छपरीत बसून डोळ्यांत तेल घालून पाहत होती. खड्डा कमरेइतका खोल झाला. त्यात त्याने लोखंडाचा चौकोनी पत्रा उभा केला. त्याच्याभोवती कोळसा घातला, कोळशावर मीठ, मिठावर पुन्हा कोळसा. मीठ कमी पडलं तेव्हा कुंता आपल्या बरणीतलं मीठ ओंजळीत घेऊन आली आणि त्या माणसाने ते तिच्या हातातून थेट आपल्या हातात घेतलं. हातातून हातात मीठ! तसं मीठ द्यायचं नसतं, हे गुणाबाईला पक्कं ठाऊक होतं.

पत्र्याला जोडलेली एक जाड तार त्याने जमिनीतून वर काढली, पाइपाला आणि डब्याला नेऊन बांधली, खड्डा बुजवला. मग कुंताला म्हणाला, "बाई, याच्यावर रोज एक गडवा पानी टाकत जा. इसरू नको. आन् या पाइपाले काही बांधू नका, ओल्या हातानं डब्याले हात लावू नका."

"त्या तारेनं काय होते?" गुणाबाईने विचारलं.

"बिघडलेली वीज मातीत जाते," एवढं म्हणून तो पेटी उचलून निघून गेला. त्याला पुढे आणखी तीन गल्ल्या होत्या.

त्या संध्याकाळी कुंताच्या खोलीत बल्ब लागला. कुंताने हात जोडले, शालिकराम उगाचच हसत राहिला, शेजारची इतवारी बाई दुखरा गुडघा ओढत दिवा पाहायला आली. गुणाबाई मात्र दिव्याकडे पाहतच नव्हती. ती विचार करत होती. वीज वरून येते, खांबावरून, तारेवरून. दिवा वर लागतो. मग खाली, जमिनीत, गरोदर बाई झोपते तिच्या उशाखाली लोखंड, मीठ आणि कोळसा कशाला? आणि बिघडलेलं जे काही असेल ते कंपनीच्या अंगणात न पुरता माझ्या अंगणात का? वर रोज त्याच बाईच्या हातून त्यावर पाणी! करणी करणारे असंच तर करतात. घरचं मीठ घेतात, दाराशी पुरतात आणि ज्याचं वाटोळं करायचं त्याच्याच हातून ते जिवंत ठेवतात.

इथे कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते नुसतं न्हाणीचं नव्हतं.

तरी ती काही दिवस गप्प राहिली. मग दोन गोष्टी झाल्या. कुंताच्या पायांवर सूज आली, अन्न जाईना. आणि गुणाबाईने चौकातल्या हॉटेलात मनसारामसमोर लटारूला बसलेलं पाहिलं. लटारू हात हलवून काहीतरी सांगत होता, मनसाराम मान डोलवत होता. तिला पाहताच लटारू हसला.

झालं. तिचा हिशेब जुळला. लटारूचा डोळा कितीतरी वर्षं तिच्या जागेवर होता. कोपऱ्यातल्या खोलीत तिसरं लेकरू गेलं की घराला नाव पडणार, भाडेकरू पळणार, म्हातारीला जागा विकावी लागणार. आधी वाटा गिळला, आता घर.

कुणाला विचारावं? एक भगत होता तलावापलीकडे, पण तो लटारूच्या घरी जेवायला जायचा. शालिकरामला सांगावं तर तो कंपनीकडे धावेल. कुंताला सांगावं तर ती भीतीनेच अर्धी होईल. गुणाबाईने ताकास तूर लागू दिली नाही.

चैत्रात महाकालीची यात्रा भरली. अख्खी गल्ली देवळाकडे गेली. शालिकराम कुंतालाही टांग्यात घालून घेऊन गेला. गुणाबाई पावडं घेऊन खड्ड्याशी बसली. माती अजून भुसभुशीत होती. घामाने पातळ अंगाला चिकटलं, तरी ती थांबली नाही. तोंडाने महाकालीचं नाव, मनात लटारूला शिव्या. पत्रा निघाला, ओलं काळं मीठ निघालं, कोळसा निघाला. तिने तार पत्र्याजवळ तोडली, तिचं टोक वीतभर मातीत खोचून ठेवलं, खड्डा बुजवून वर शेणाचा सडा घातला. वरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं. सारं टोपलीत भरून तिने झरपट नदीच्या पाण्यात सोडलं आणि मागे वळून न पाहता घरी आली. असल्या वस्तूकडे वळून पाहत नाहीत.

यात्रेतून आल्या आल्या कुंताने गडवा भरला आणि खड्ड्यावर पाणी टाकलं. गुणाबाई छपरीतून पाहत होती. टाक बापा, टाक, आता टाक पाहिजे तेवढं, ती मनात म्हणाली आणि कित्येक वर्षांनी तिला पोटभर हसू आलं.

आठवड्याभरात कुंताची सूज उतरली. उन्हाळ्याचे आंबे आले, तिच्या तोंडाला चव आली. ज्येष्ठात ती बाळंत झाली, मुलगी झाली, बल्बच्या उजेडात सुईणीला सारं नीट दिसलं आणि लेकरू असं रडलं की इतवारी बाई पलीकडून ओरडली, "आली बापा, गळ्याची आली!" मुलीचं नाव चंदा ठेवलं. गुणाबाईने त्या लेकराला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा तिचे डोळे भरले आणि तिने कनवटी चाचपली नाही. हे लेकरू आपण वाचवलं, ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. पण तिच्या चालण्यात ती दिसायची.

आता चंदाची बाळोती वाळत घालायला जागा हवी होती. शालिकरामने विचारलं, भिंतीला एक खिळा ठोकू का? "खिळा? भितीले?" गुणाबाई म्हणाली. नियम तो नियम. मग त्याने लोखंडी तार आणली, एक टोक सांदवाडीतल्या लाकडी मेढीला बांधलं आणि दुसरं भिंतीवर आयत्या असलेल्या विजेच्या पाइपाला. मनसाराम काय म्हणाला होता ते तिघांपैकी कुणालाच आठवलं नाही. गुणाबाईला आठवलं असतं तरी तिने मानलं नसतं.

भाद्रपदात चार दिवस झड लागली होती. पाचव्या दिवशी सकाळी जरा उघडलं. कुंताने चंदाला झोळीत निजवलं, ओल्या बाळोत्यांची बादली घेऊन ती बाहेर आली. गुणाबाई छपरीत सुपारी कातरत होती. तिने कुंताला हात वर करताना पाहिलं, आणि मग तो हात खाली येईना हे पाहिलं. कुंता ओरडली नाही. तिच्या गळ्यातून नुसता घरघर असा आवाज येत होता, हात तारेला चिकटला होता आणि सारं अंग थरथरत होतं.

गुणाबाईला काही कळलं नाही. वीज म्हणून नाही, भूत म्हणून नाही, काहीच नाही. हाताशी काठी होती. ती उचलून तिने जिवाच्या आकांताने तारेवर हाणली, एकदा, पुन्हा एकदा. तार पाइपावरून तुटली आणि कुंता चिखलात कोसळली.

गल्ली धावत आली ती हे दृश्य पाहायला. कुंता निपचित पडलेली, हाताचा तळवा भाजलेला, आणि तिच्या डोक्याशी काठी उगारून उभी असलेली गुणाबाई.

कुंता वाचली. डॉक्टरने पाणी पाजलं, छाती तपासली, तळव्याला मलम लावला, म्हणाला दैव बलवत्तर. पण संध्याकाळपर्यंत गल्लीत कुजबुज सुरू झाली होती आणि ती कुजबुज इतवारी बाईने सुरू केली होती. यात्रेच्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून ती एकटीच घरी राहिली होती. तिने कुडाच्या फटीतून पाहिलं होतं.

"कुंताच्या भितीशी खणून राह्यली होती," ती म्हणत होती. "टोपलीत मीठ, कोळसा. मी या डोयानं पाह्यलं."

मीठ आणि कोळसा म्हटल्यावर आणखी काही सांगावं लागत नाही. आपलं लेकरू नाही, दुसऱ्याचं पाहवत नाही. उगाच का ती सारखी तिच्या खोलीत जाते? लटारूही आला, तोंड वाईट करून म्हणाला, "वहिनीचं डोकं पहिलेपासून असंच. मी काही म्हनत नाई." काही म्हणत नाही म्हणून तो सगळं म्हणून गेला.

ज्या गल्लीवर गुणाबाईने वीस-बावीस वर्षं संशय घेतला, त्या गल्लीने एका संध्याकाळी सारी परतफेड केली. ती कुंताच्या दाराशी गेली तेव्हा कुंताने चंदाला पदराखाली ओढलं.  गुणाबाई उलट्या पावली परत आली. लटारूने वाटा खाल्ला तेव्हाही तिला इतकं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनसाराम आला. तोवर शालिकरामने बैलगाडी बोलावली होती, गाठोडी दाराशी येऊन पडली होती, त्याला बायकोला एटापल्लीला पोचवायचं होतं. गल्ली सारी जमलेली. मनसारामने पाइपाच्या तोंडाशी पाहिलं. तिथे वायरीचं वेष्टन घासून तांबं उघडं पडलं होतं, पावसात वीज पाइपात उतरली होती. "पन फ्यूज उडाले पाहिजे होता," तो स्वतःशीच म्हणाला. "माती काऊन नाई घेतली?" मग त्याने जमिनीतून वर आलेली तार धरून ओढली. मुळा उपटावा तशी ती हातात आली.

तो गुणाबाईकडे वळला. "बाई, पत्रा कुठी हाय?"

तिने पदर कमरेला खोचला.

"इकला काय? भंगाराले भाव आला म्हनून?"

आता मात्र तिचं तोंड सुटलं. करणी करणारी म्हटलं तेव्हा ती गप्प राहिली होती, चोर म्हटलेलं तिला सोसलं नाही. "इकला? मी इकला? तू पुरलं, तू! पोटुशी बाईच्या उशाखाली लोखंड पुरलं, तिच्या हातचं मीठ घेतलं, लटारूसंग हॉटेलात बसला! मी काढलं ते. झरपटीत टाकलं. माह्या लेकीचं लेकरू वाचवाले टाकलं!"

गल्लीत कुणी हसलं नाही. लटारूच तेवढा चाचरत म्हणाला, "मी त माह्या घरी मीटर पाहिजे म्हनून बसलो होतो."

मनसारामने ती उपटलेली तार तिच्यापुढे धरली. "वीज पाइपात उतरली त मातीत जाले रस्ता पाहिजे, बाई. तो पत्रा तो रस्ता होता. तो असता त फ्यूज उडला असता, तार मेली असती. मले इचारलं काऊन नाई?"

"इचारलं असतं त खरं सांगतलं असतं कशावरून?"

 मनसाराम सबल उचलून खणायला लागला. गुणाबाई घरात गेली आणि आपली मिठाची आख्खी बरणी आणि चुलीजवळची कोळशाची टोपली घेऊन आली. खड्ड्यात तिने आपल्या हाताने मीठ घातलं. साऱ्या गल्लीदेखत. लोक एक पाऊल मागे सरले, पण तिने मान वर केली नाही. नवा पत्रा बसला, नवी तार जोडली, पाइपातली वायर बदलली. मनसारामने पेटीचं हँडल फिरवलं, पुन्हा फिरवलं, मेन स्विच चालू केला आणि म्हणाला, "आता धोका नाई."

कुंता दारात उभी होती. भाजलेल्या हाताला फडकं बांधलेलं, दुसऱ्या हातावर चंदा.

गुणाबाई तिच्याकडे वळली. "पोरी, आता नाई होत काही. मी तुह्यासाठीच केलं होतं वो. जाऊ नको."

कुंताने तिच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"कशावरून, माय?"

तो शब्द आपल्यावर उलटल्यावर कसा लागतो ते गुणाबाईला त्या दिवशी कळलं.   तिने इकडेतिकडे पाहिलं. छपरीत बाळोत्यांची बादली होती, पाण्याने भरलेली. तिने दोन्ही हात मनगटापर्यंत त्या पाण्यात बुडवले आणि ती लोखंडी डब्याकडे चालू लागली.

"बाई!" मनसाराम ओरडला. "ओल्या हातानं नाई! अवो बाई!"

 आपण केलेल्या कामावर आपला किती विश्वास आहे, हे त्यालाही त्याच घटकेला पाहावं लागलं. तो पुढे धावला, पण पोचला नाही. गुणाबाईने डोळे गच्च मिटले आणि दोन्ही तळवे डब्यावर टेकवले. ज्या माणसावर तिने साऱ्या जगात सगळ्यात जास्त संशय घेतला होता, त्याच्या एका शब्दावर टेकवले.

 तिच्या कोपरांवरून पाणी टपकत होतं. ती उभीच होती. मग तिने एक डोळा उघडला, मग दुसरा.

 मनसारामने पाणी मागितलं. कुणीतरी आणून दिलं, आणि त्या घरचं पाणी तो पहिल्यांदा प्यायला.

कुंता पायरी उतरून आली. "हात पाहू द्या," ती म्हणाली. गुणाबाईने दोन्ही हात पुढे केले. कुंताने ते उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले, आपल्या तळव्यावर होता तसा काळा वळ कुठे आहे का ते बोटांच्या बेचक्यांतसुद्धा पाहिलं. अगदी गुणाबाई भिंतीत खिळा शोधायची तसंच. वळ नव्हता. तिने आपल्या पदराने ते हात कोरडे पुसले आणि त्यांत चंदाला ठेवलं.

मग तिने गाठोड्यातून गडवा काढला, भरला आणि खड्ड्यावर पाणी टाकलं. गाडीवाल्याला आता काय सांगावं, याचा विचार करत शालिकराम दारातच उभा राहिला.